रिकिबीत अडकलेला पाय आणि ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणणारा एक्सरे

पत्र : मी पुण्यात राहते, वय ३९. गेल्या वर्षभरापासून मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी शनिवार-रविवारी घोडेस्वारी शिकायला जातो. तीन आठवड्यांपूर्वी मी उतरत असताना घोडा अचानक बुजला. उजवा पाय मी पलीकडून काढून आणला होता, पण डावा पाय रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) अर्ध्या पावलापर्यंत शिरून अडकला आणि मी मागच्या बाजूला पडले. पायात नेहमीचे स्पोर्ट्स शूज होते. पाऊल खूप सुजले. त्याच संध्याकाळी ओळखीच्या हाडवैद्यांनी तेल लावून चोळून दिले. दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला. फ्रॅक्चर नाही असे सांगून क्रेप बँडेज बांधायला दिले. तिसऱ्या दिवशी तळपायावर काळानिळा डाग उमटला. आता सूज पुष्कळ उतरली आहे, पण जिना चढताना पावलाच्या मध्यावर कळ येते. येत्या रविवारपासून पुन्हा बसायला हरकत नाही, असे प्रशिक्षक म्हणतात. बसू का? दुसरे असे की, परवाच्या रविवारी मुलीच्या पायावर घोड्याचा खूर पडला. अंगठ्याचे नख काळे झाले आहे आणि नखाच्या मुळाशी थोडे रक्त आले होते. घरीच हळद लावली. तिला डॉक्टरांना दाखवायला हवे का? आणि असे पुन्हा होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही मुलीचा प्रश्न शेवटी विचारला आहे, पण उत्तर मात्र तिच्यापासून सुरू करतो, कारण तिच्या बाबतीत वेळ अधिक महत्त्वाचा आहे. तिला उद्या सकाळीच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि अंगठ्याचा एक्सरे काढून घ्या. नुसते नख काळे झाले असते आणि ठणका एव्हाना थांबला असता, तर नख आपोआप वाढून पुढे सरकेल एवढे सांगून मी थांबलो असतो. परंतु नखाच्या मुळाशी रक्त आले होते, असे तुम्ही लिहिले आहे. वाढत्या वयात अंगठ्याच्या शेवटच्या हाडाचा वाढीचा थर नखाच्या मुळाला अगदी लागून असतो. तिथे चेंगरल्यावर तो थर फाटतो, नखाखालची त्वचाही फाटते, आणि वरून किरकोळ वाटणारी ती जखम प्रत्यक्षात उघडे फ्रॅक्चर असू शकते. अशी जखम स्वच्छ धुऊन, गरज पडल्यास टाके घालून, प्रतिजैविके द्यावी लागतात. दुर्लक्ष झाले तर जंतू हाडात शिरतात आणि पुढे नखाची किंवा अंगठ्याची वाढ बिघडते.

दुसरी गोष्ट धनुर्वाताची. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, त्याहूनही अधिक ते घोड्याच्या लिदीत सापडतात, आणि ज्या खुराखाली पाय आला तो खूर दिवसभर त्याच मातीत व लिदीत असतो. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात व घटसर्पाची) लस दिली जाते. मुलीला दहाव्या वर्षीचा डोस मिळाला होता का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून जा. मळलेल्या जखमेच्या बाबतीत शेवटच्या डोसला ५ वर्षे होऊन गेली असतील तर पुन्हा डोस देतात, आणि लहानपणचे डोसच अपुरे असतील तर त्याच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही लागते. जखम होऊन चारपाच दिवस गेले म्हणून आता काय उपयोग, असे समजू नका. रोगाची लक्षणे दिसायला साधारणपणे ३ ते २१ दिवस लागू शकतात. हळद लावल्याने या दोहोंपैकी एकही काम होत नाही. घोड्यांत वावरणाऱ्या मोठ्यांनीही दर १० वर्षांनी हा डोस घ्यावा, म्हणजे तुम्हीही तुमची तारीख शोधा.

आता तुमच्या पायाविषयी. येत्या रविवारी घोड्यावर बसू नका. इतकेच नव्हे, तर पुन्हा तपासणी होईपर्यंत त्या पायावर भार देऊन चालूही नका. मेडिकलच्या दुकानात कुबड्या मिळतात, त्या आणा. तुमच्या पत्रातील तीन गोष्टी एकत्र वाचल्यावर मला साध्या मुरगळण्यावर समाधान मानता येत नाही. पावलाचा पुढचा भाग रिकिबीत घट्ट धरलेला असताना शरीर मागे पडले, ही पहिली गोष्ट. तळपायावर काळानिळा डाग उमटला, ही दुसरी. आणि तीन आठवड्यांनंतरही कळ घोट्यापाशी नसून पावलाच्या मध्यावर आहे व चवड्यावर भार आला की उठते, ही तिसरी. घोटा मुरगळतो तेव्हा दुखते ते बहुधा बाहेरच्या हाडाच्या खाली आणि किंचित पुढे, आणि निळेपणा उतरतो तो टाचेच्या कडेला. तळपायाच्या मधोमध, कमानीखाली उमटणारा डाग हा वेगळ्या दुखापतीचा इशारा असतो. त्या दुखापतीचे नाव लिस्फ्रांक. पावलाच्या मध्यभागातील सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध तिच्यात ताणले जातात किंवा तुटतात, आणि कधी हाडाचा कपचाही उडतो.

हे नाव नेपोलियनच्या काळातील फ्रेंच शल्यचिकित्सक झाक लिस्फ्रांक यांच्यावरून आले. पाय सडू लागला तर याच सांध्याच्या रेषेतून पावलाचा पुढचा भाग कसा काढून टाकावा, याची पद्धत त्यांनी १८१५ मध्ये मांडली. वैद्यकाच्या परंपरेत ही दुखापत त्या काळच्या घोडदळाशी जोडलेली आहे, कारण जखमी घोड्यावरून कोसळताना स्वाराचा पाय रिकिबीत अडके आणि पाऊल मध्यावर मोडे. आज रस्त्यावरचे अपघात, फुटबॉल आणि पायरी चुकणे यांमुळेही ती होते. तरीही तुमचा पाय ज्या रीतीने अडकला ती रीत दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वारांचीच आहे, आणि म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

पावलात २६ हाडे असतात. बोटांकडे जाणाऱ्या पाच लांब हाडांपैकी दुसरे हाड आपल्या मुळाशी थोडे मागे सरकून शेजारच्या हाडांच्या खाचेत पक्के बसलेले असते आणि दगडी कमानीतील मधल्या दगडाप्रमाणे सगळ्या रचनेचा भार तोलते. गंमतीची नव्हे, काळजीची बाब अशी की, अंगठ्याचे लांब हाड आणि हे दुसरे हाड यांच्या मुळांना थेट जोडणारा अस्थिबंधच निसर्गाने दिलेला नाही. एक तिरपा, जाड अस्थिबंध आतल्या बाजूच्या हाडापासून निघून दुसऱ्या हाडाच्या मुळाला धरतो आणि सगळी मदार त्याच्यावर असते. चवडा अडकलेला असताना पाऊल खाली वाकून पिळले गेले की तो तुटतो. तुटल्यावर हाडे लगेच लांब सरकतीलच असे नाही. झोपलेल्या अवस्थेत ती जागेवर दिसतात आणि पायावर भार आला की फाकतात.

म्हणूनच ‘फ्रॅक्चर नाही’ हे एक्सरेचे उत्तर खरे असूनही अपुरे असू शकते. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेला असताना तुम्ही उभ्या राहूच शकला नसाल. म्हणजे एक्सरे टेबलावर झोपवून काढला गेला असणार. यात त्या डॉक्टरांचा निष्काळजीपणा होता असे मी म्हणणार नाही. या दुखापतींपैकी साधारण पाचातली एक पहिल्या तपासणीत सुटते, असे अस्थिरोगाच्या पुस्तकांतूनच सांगितले जाते, आणि सुजेने भरलेल्या पावलात ती ओळखणे खरोखर कठीण असते. आता मात्र उभे राहून, दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन, दोन्ही पावलांचा एकत्र एक्सरे काढायला सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या मुळांमधील फट उजव्या पायापेक्षा डाव्या पायात २ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद दिसली, तर निदान बहुतेक पक्के होते. एक्सरे पुन्हा स्वच्छ आला आणि कळ तरीही तिथेच असली, तर अस्थिबंधासाठी एमआरआय किंवा बारीक कपच्यांसाठी सीटी स्कॅन करावे लागेल. खर्चाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण उभ्याने काढलेल्या एक्सरेला साध्या एक्सरेइतकेच पैसे पडतात आणि अनेकदा तेवढ्यावर भागते, म्हणून आधी तोच मागा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी एक गोष्ट करून पाहा. निदान करण्यासाठी नव्हे, तर नेमके कुठे दुखते हे त्यांना बोटाने दाखवता यावे म्हणून. खिडकीजवळ खुर्चीवर बसा आणि डावे पाऊल उजव्या गुडघ्यावर ठेवा. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामधील खाचेत हाताचा अंगठा ठेवून तो पावलाच्या वरच्या बाजूने घोट्याच्या दिशेने सावकाश सरकवत न्या. मऊ खाच संपून जिथे हाडाचा टणक उंचवटा लागतो, तिथे दुसऱ्या लांब हाडाचे मूळ आहे. तिथे दाबा आणि उजव्या पावलावर त्याच जागी तेवढ्याच जोराने दाबून फरक पाहा. मग एका हाताने टाच स्थिर धरून दुसऱ्या हाताने चवडा अगदी हलकेच बाहेरच्या बाजूला वळवा. यांपैकी कशानेही तीच ओळखीची कळ आली तर तिथे बॉलपेनने खूण करा आणि थांबा. एका पायाच्या चवड्यावर उभे राहून पाहण्याची परीक्षाही सांगितली जाते. ती तुम्ही घरी करू नका, तपासताना डॉक्टर करून घेतील.

निदान लिस्फ्रांकचेच निघाले तर पुढे काय, हेही स्पष्ट सांगतो. हाडे जागेवर असतील आणि भार दिल्यावरही फाकत नसतील, तर प्लास्टर किंवा विशिष्ट बूट घालून साधारण ६ ते ८ आठवडे पायावर भार न देता राहावे लागते आणि त्यानंतर कमानीला आधार देणारे इनसोल वापरत हळूहळू चालणे सुरू होते. हाडे सरकलेली असतील तर शस्त्रक्रिया करून स्क्रू किंवा पट्टीने ती जागेवर बसवावी लागतात. काही रुग्णांत ते सांधे कायमचे जोडून टाकणेच हिताचे ठरते. दोन्ही प्रकारांत पुन्हा घोड्यावर बसण्याची गोष्ट महिन्यांत मोजायची असते. हे ऐकून मन खट्टू होईल, परंतु दुसरी बाजू अधिक वाईट आहे. दुर्लक्षित लिस्फ्रांकमध्ये कमान खाली बसते, सांधे झिजतात आणि घोडा दूरच राहिला, भाजी आणायला जाणेही दुखरे होऊन बसते. तीन आठवडे ही वेळ उशिराची असली तरी हाताबाहेर गेलेली नाही. मात्र आणखी दीड-दोन महिने गेले, तर साध्या उपायांची शक्यता कमी होत जाते. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल किंवा घरात कोणाला रक्ताच्या गाठींचा त्रास झालेला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पाय बांधलेला असताना पोटरीत गाठ होण्याचा धोका वाढतो आणि त्यासाठी औषध द्यायचे की नाही, हे त्यांना ठरवावे लागते.

हाडवैद्यांच्या चोळण्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी ते मी सोडून देऊ शकत नाही. माझा आक्षेप माणसाला नसून वेळेला आहे. ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. पहिल्या ४८ ते ७२ तासांत तेल लावून चोळणे, ओढून ‘नस बसवणे’ किंवा गरम पाण्याचा शेक देणे यांमुळे रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात, आणि हाडाला चीर गेली असेल तर ती सरकते. त्या वेळी करायचे ते एवढेच: फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी; बोटांच्या मुळापासून वर घोट्यापर्यंत सैलसर क्रेप बँडेज; झोपून पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा उंच; आणि वेदनेसाठी, दुसरी काही अडचण नसेल तर, पॅरासिटामॉल. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये.

आणखी दोन गोष्टी स्वारांनी मनात धराव्यात. बूट काढायचा तो सूज येण्याआधी, नाड्या किंवा चेन पूर्ण उघडून, टाचेला धरून. पाऊल वाकडे दिसत असेल तर मात्र ओढाओढ न करता बूट तसाच ठेवून रुग्णालय गाठायचे, तिथे तो कापून काढतात. आणि जोडवी व पैंजण लगेच उतरवायचे. सुजलेल्या बोटात रुतलेले जोडवे रक्तपुरवठा अडवते आणि नंतर ते कापावे लागते. खरे तर स्वारीच्या बुटात जोडवी घालून बसूच नये, कारण खूर पडला तर तो चांदीचा वेढाच बोटात घुसतो.

दुखापत झाल्यावर एक्सरे काढावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेले साधे नियम जगभर वापरले जातात आणि ते घोड्याच्या मैदानावरही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये बोटाने दाबल्यावर दुखते का. करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाच्या मुळाशी, म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेवरील उंचवट्यावर, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर दुखते का. आणि दुखापतीनंतर लगेच व पुढे डॉक्टरांसमोर, लंगडत का होईना, चार पावले टाकता येतात का, हे पाहायचे. दाबल्यावर यांपैकी एका ठिकाणी जरी दुखले, किंवा चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्सरे काढावा. हे नियम हाडांसाठी आहेत, अस्थिबंधांसाठी नाहीत. म्हणून तळपायावर डाग उमटला तर नियम काहीही सांगोत, पायाची तपासणी व्हायलाच हवी. लहान मुलांमध्येही सावध राहावे. त्यांचे अस्थिबंध वाढीच्या थरापेक्षा मजबूत असतात, त्यामुळे मोठ्यांचा घोटा जिथे मुरगळतो तिथे मुलांच्या हाडाचा थर दुखावतो आणि एक्सरेत अनेकदा काहीच दिसत नाही.

रात्रीची वेळ असली तरी थांबू नये, अशा खुणा वेगळ्या आहेत. पाऊल वाकडे दिसणे, जखमेतून हाड दिसणे, बोटे थंड किंवा पांढरी पडणे, बधिरता वाढत जाणे या त्या होत. आणि एक अशी, जी खूर पडल्यावर विशेष लक्षात ठेवावी: पाऊल दगडासारखे टणक होते, ठणका गोळीने कमी न होता तासागणिक वाढत जातो आणि कोणी बोटे हलकेच वर वाकवली तरी रुग्ण कळवळतो. अशा वेळी पावलाच्या आतील दाब इतका वाढलेला असतो की स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो, आणि काही तासांच्या आत शस्त्रक्रिया करून तो दाब मोकळा करावा लागतो.

लिस्फ्रांक नाही, घोट्याचाच अस्थिबंध दुखावला होता असे तपासणीत निघाले, तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. तरीही परत बसण्याची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. सौम्य मुरगळणे एक-दोन आठवड्यांत, मध्यम तीन ते सहा आठवड्यांत आणि अस्थिबंध पूर्ण तुटलेला असेल तर तीन महिन्यांपर्यंत बरे होते, पण त्यापेक्षा पाय काय करू शकतो हे पाहावे. दुखऱ्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट न डगमगता उभे राहता आले, भिंतीला हात टेकून त्या एका पायाची टाच वीसेक वेळा उचलता आली, आणि बोटे भिंतीपासून चार इंच लांब ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवता आला, म्हणजे घोटा स्वारीला तयार आहे. ही शेवटची चाचणी स्वाराला फार उपयोगी आहे. रिकिबीत टाच किंचित खाली राहावी असे सगळे प्रशिक्षक सांगतात, आणि घोटा तेवढा वाकत नसेल तर दुडकीच्या (घोड्याच्या हळू धावण्याच्या) प्रत्येक हिसक्याचा भार गुडघ्यावर आणि कमरेवर जातो. उलट टाच जबरदस्तीने खाली रेटत राहिल्याने टाचेमागचा जाड स्नायुबंध दुखावतो, तेव्हा पोटरीचा ताण रोज देऊन हा वाक हळूहळू मिळवावा. सुरुवातीचे काही दिवस केवळ कदम चाल (घोड्याचे साधे चालणे), सपाट मैदान, शांत घोडा आणि घोट्याचा आधारपट्टा, एवढ्यावरच समाधान मानावे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याचे उत्तर मुख्यतः बूट आणि रिकीब यांत आहे. स्पोर्ट्स शूज घोड्यावर चालत नाहीत, कारण त्यांना टाच नसते आणि तळाला रबरी खाचा असतात. टाच नसल्याने पाऊल रिकिबीतून पुढे घुसते आणि खाचांमुळे ते परत निघत नाही. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले. घोट्यापर्यंत येणारा जोधपूर बूट, सुमारे एक इंचाची टाच, गुळगुळीत अखंड तळ आणि बाहेर लोंबणाऱ्या नाड्या नाहीत, एवढे पुरेसे आहे. महागडा उंच बूट पहिल्या वर्षी घ्यायची गरज नाही. पोलादी टोपीचे कामगारी बूट घालावेत का, असे काही जण विचारतात. तबेल्यात वावरताना ते बोटे वाचवतात, पण बहुतेक वेळा ते इतके रुंद आणि जाड तळाचे असतात की रिकिबीत फसतात, म्हणून बसताना ते बदलावेत.

रिकीब बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा सुमारे एक इंचाने रुंद हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहते. अरुंद रिकीब पाय पकडते. मोठ्या माणसाची रिकीब लहान मुलाला दिली तर त्याचे अख्खे पाऊल आरपार जाते, आणि मूल घोड्यासोबत फरफटत जाण्याचा धोका इथेच असतो. वजनदार पोलादी रिकीब हलकीपेक्षा बरी, पाय काढताच ती खाली पडते. बाहेरच्या बाजूला रबरी कडे असलेल्या किंवा एका बाजूने उघडणाऱ्या सुरक्षा-रिकिबी मिळतात; मुलांसाठी त्या मी अनिवार्य मानतो. रबरी कडे नेहमी बाहेरच्या, म्हणजे घोड्यापासून लांबच्या बाजूला असावे आणि ते चिरलेले नाही ना, हे दरवेळी पाहावे. खोगिराला वादी (रिकिबीचा चामडी पट्टा) जिथे अडकवतात त्या खिट्टीचे टोक उघडे ठेवावे, म्हणजे स्वार पडल्यास वादीसकट रिकीब निसटते. जिथे वादी खोगिराला कायमची बांधलेली किंवा शिवलेली असते तिथे ही सोय नसते, हे माथेरान-महाबळेश्वरला चप्पल घालून हौसेने घोड्यावर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. बंद बूट नसेल तर रिकिबीत पाय घालण्यापेक्षा पायी फिरणे चांगले. वादीची लांबी मोजण्याची जुनी रीत अशी की, बोटांची टोके वरच्या बकलाला लावून रिकीब हातासरशी ओढली असता ती काखेपर्यंत यावी. मग बसल्यावर थोडे कमी-जास्त करावे. रिकिबीवर पावलाचा चवडा टेकलेला असावा, कमान नव्हे.

उतरण्याची पद्धत बदला. डावा पाय रिकिबीत ठेवून उजवा पलीकडून आणायचा आणि मग खाली पाऊल टाकायचे, अशी पद्धत अनेक जण शिकवतात आणि उंच घोड्यावर ती सोयीची वाटते. पण त्या मधल्या क्षणी स्वाराचा सगळा भार एका अडकलेल्या पायावर असतो आणि घोडा एक पाऊल जरी सरकला तरी तो पाय पिळवटतो. माझ्या मते नवशिक्याने आणि मुलांनी आधी दोन्ही पाय रिकिबींतून बाहेर काढावेत, पुढे झुकून खोगिराला धरावे, उजवा पाय मागून फिरवावा आणि घोड्याच्या अंगाला घसटत, गुडघे सैल ठेवून दोन्ही पायांवर एकदम खाली यावे. जमीन खडकाळ असेल तर घोडा मऊ जागी नेऊन उतरावे, आणि चढताना ओट्याचा उपयोग करावा.

मुलीला खुराची भीती बसू नये, पण शिस्त लागावी. पूर्ण वाढलेला घोडा साधारण ४०० ते ५०० किलो वजनाचा असतो आणि उभा असताना त्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे एका पुढच्या खुराखाली सुमारे १२० ते १५० किलो वजन येते. घोडा नेताना त्याच्या खांद्याच्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चालावे, लगाम धरून त्याच्या समोर उलटे चालू नये, आणि तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना आपली पावले त्याच्या पोटाखाली जाऊ देऊ नयेत. खूर पायावर पडलाच तर पाय ओढू नये, ओढल्याने नख आणि कातडी सोलून निघते. खांद्याने घोड्याच्या खांद्याला रेटा द्यावा. त्याचा भार दुसऱ्या पायावर गेला की खूर उचलला जातो. तबेल्यात शिरतानाच बूट पायात असावेत, स्वारीपुरते नव्हेत.

तुमच्या प्रशिक्षकांना हे पत्र वाचून दाखवायला संकोच करू नका. तुम्ही बसत होता त्या रिकिबीची रुंदी त्यांच्यासमोर तुमच्या बुटाला लावून मोजा, आणि मुलीच्या अंगठ्याला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पुन्हा बसेल त्या दिवसापर्यंत तिच्या खोगिराला तिच्या मापाची सुरक्षा-रिकीब बसवून मिळेल का, हे आत्ताच विचारून ठेवा.